पंधरा तुकडे आणि एक फळी

बंगळूर
२ मे १९६५

तीर्थरूप नामदेवमामा,

एकनाथचा तुम्हा दोघांना पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

बोईसर स्टेशनवर माझ्या नावानं एक खोकं उतरेल. त्यात खाऊ नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर मामी उघडून माझा उद्धार करील. आत लाकडाचे पंधरा तुकडे आहेत, वीतभर लांबीचे, सगळे सावरीचे. तुम्ही म्हणाल, सावर काय बंगळूरहून पाठवायची वस्तू आहे? इथं काड्यापेटीवालासुद्धा तिला नाक मुरडतो. पण जरा ऐका.

आमच्या प्रयोगशाळेत लाकूड दाबायचं यंत्र आहे. दोन इंचांची फळी त्यातून इंचभर होऊन निघते. तापवून दाबली तर रंगानं तपकिरीही होते. साहेबांचा अंदाज असा की तापवलेलं लाकूड मग पूर्वीसारखं पाणी पीत नाही, आणि पाणी नाही तर बुरशीला थारा नाही. बुरशी नाही तर कुजणं नाही. हे खरं का, ते पाहायचं आहे. म्हणून पाच तुकडे साधे ठेवलेत, झाडातून निघाले तसे. पाच नुसते दाबलेले, त्यांवर एक खाच आहे. पाच तापवून दाबलेले, त्यांवर दोन खाचा.

परसात मामीचं सांडपाणी जातं तिथं ते अर्धे मातीत, अर्धे वर असे उभे पुरायचे. सगळा पाऊस खाऊ द्यायचा. दिवाळी झाली की उपटून खिळ्यानं टोचून पाहायचं, कुठला मऊ लागतो ते. मधे काही करायचं नाही.

तापवलेले टिकले तर हंसा-दादूच्या नव्या होडीसाठी तशाच फळ्या द्यायला साहेब तयार आहेत. लेक-जावयाची होडी तुम्ही बांधणार, तिला माझ्याकडून फळ्या लागाव्यात असं फार वाटतं. बाबांची होडी ज्या रोगानं खाल्ली तो रोग मला एकदा नीट समजून घ्यायचा आहे. मी आठ वर्षांचा होतो, तेव्हा नुसतं रडलो होतो.

तुमचा
एकनाथ


दांडी
३० मे १९६५

चिरंजीव एकनाथ, सुखी राहा.

खोकं आलं. बोईसरला हल्ली कोण कुठला हमाल ते कळत नाही, सगळे तिकडच्या वीजघराच्या कामावर आलेले. एकानं खोकं हलवून विचारलं, "चाचा, अंदर क्या है?" म्हटलं, लकडी. तर म्हणतो, "लकडी को टिकट लगा के भेजा?" याचं उत्तर तुलाच ठाऊक.

तुकडे सांगितल्यासारखे पुरले. तीस वर्षं मी लाकूड कुजू नये म्हणून मरमर केली, आता भाचा सरकारी पगार घेऊन ते कुजवायला सांगतो. असो. चौदाच पुरलेत. दोन खाचांचा एक मी मोडला. चांगला घट्ट लागला म्हणून हौसेनं त्यात खिळा मारून पाहिला, तर उभा चिरला. दगडासारखा टणक, पण दगडासारखाच फुटतो. तुझ्या साहेबांना विचार, होडीला खिळे मारायचे की फळ्या डिंकानं चिकटवायच्या?

पुरताना तुझी मामी मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, "ही सगली अशीच उगडी भिजवायची?" म्हटलं, हो, तसाच हुकूम आहे. काही न बोलता आत गेली. भागी काही न बोलता आत गेली की मला भीती वाटते.

तुझा मामा
नामदेव


बंगळूर
२१ जून १९६५

तीर्थरूप मामा,

खिळ्याचं तुम्ही बरोबर हेरलंत. तापवलं की लाकूड ठिसूळ होतं, हे साहेबांनाही ठाऊक आहे. गिरमिटानं आधी भोक पाडून मग खिळा मारावा असं म्हणतात. चौदा तुकडे पुरेसे आहेत.

मामीला सांगा, उघडेच भिजवायचे. वर झावळ्यांचा झाप टाकायचा नाही, धुवायचे नाहीत. तिला लाकूड पावसात पाहवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझा लाकडी भोवरा एकदा अंगणात राहिला तर मला जेवण मिळालं नव्हतं.

या निकालावर माझी इथली नोकरी कायम होईल असं साहेब म्हणतात, पण खरं सांगू? माझं चित्त होडीकडे आहे.

एकनाथ


दांडी
१४ नोव्हेंबर १९६५

चिरंजीव एकनाथ,

लढाईच्या दिवसांत पत्र लिहायचं राहिलं. किनाऱ्यावर दिवे बंद होते, मनालाही काही सुचत नव्हतं. आता तुझं काम झालं आहे आणि माझं डोकं फिरलं आहे.

काल चौदाही तुकडे उपटले. दोन खाचांचे चार होते. त्यातले दोन ठणठणीत. बाकी दोघांच्या बुडाला पांढरी बुरशी, टोचलं तर खिळा थोडा आत जातो. ठीक, असं होऊ शकतं.

एका खाचेचे पाच. तुझ्या यंत्रानं दाबलेले ना? सगळे फुगून होते तेवढे झाले. सुका बोंबील पाण्यात टाकल्यावर होतो तसे. पण कुजले नाहीत! खिळा शिरत नाही.

आणि साधे पाच. एकनाथ, ते नव्यासारखे आहेत. साधी सावर, सांडपाण्यात, अख्खा पावसाळा. मी वासही घेऊन पाहिला. कुजल्याचा वास नाही, उलट घरच्यासारखा वाटला. मी होड्या बांधतो की भाजी विकतो, असा प्रश्न मला पडला. सावरीची फळी या दमट हवेत दोन पावसाळ्यांत भुसा होते, हे माझ्या आजानं मला सांगितलं, मी दादूला सांगितलं. मग हे काय?

खाचा दोनदा मोजल्या. अदलाबदल नाही. तूच काय ते सांग.

नामदेव


बंगळूर
१० डिसेंबर १९६५

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, साहेबांनी दोन वेळा. दोघांचाही गोंधळ उडाला आहे. ज्याला राखायला तापवलं त्याला बुरशी, आणि ज्याला वाऱ्यावर सोडलं ते धडधाकट!

काही विचारतो, रागावू नका. सांडपाण्यात मिठाचं पाणी जातं का? मासळी धुतल्याचं? तुकड्यांवर कुणी राख टाकली का? मामीलाही विचारा.

साहेबांनी आता नवाच तर्क काढला आहे. ते म्हणतात, तुमच्या किनाऱ्याच्या खारट मातीतच असं काही असेल की तिथं साधं हलकं लाकूडही टिकतं. खारात बुरशी नीट वाढत नाही हे खरंच आहे. ते अहवालात लिहिणार आहेत. मला पटतंय की नाही, तेच मला कळत नाही. पण तुकडे तुम्ही स्वतः टोचून पाहिलेत, आणि तुमच्या हातावर मी शंका घेणार नाही.

एकनाथ


दांडी
५ जानेवारी १९६६

चिरंजीव एकनाथ,

मिठाचं पाणी नाही. राख नाही. मासळी भागी विहिरीवर धुते, परसात नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय म्हाईत," आणि ऊन नसताना जवळा वाळत घालायला गेली.

ते असो. तुझ्या साहेबांचं म्हणणं मी दादूला सांगितलं. शिकलेला माणूस सांगतो आणि आपल्याच परसात डोळ्यांनी पाहिलं, मग शंका कसली? शिरगावच्या वखारीत सावरीच्या मोठ्या फळ्या पडल्या आहेत. नव्या होडीचं बूड सागाचंच, पण वरच्या फळ्या आणि बसायचे पाट मी सावरीचे घालतो. होडी हलकी होईल, दादूला एकट्याला ओढता येईल. तुझ्या दाबलेल्या फळ्यांची वाट पाहत बसायला नको. होळीच्या आधी फळ्या बसवायला घेतो.

माझं मन अजून कुरकुरतं, पण माझं मन म्हातारं झालंय.

नामदेव


दांडी
१९ जानेवारी १९६६

एकनाथदादास हंसाचा नमस्कार. मी माहेरी आले आहे. आई सांगते आहे, मी लिहिते आहे. बाबा कामावर गेलेत. आई म्हणते, तिच्याच शब्दांत लिही, सुधारू नको.

एकनाथा बाळा,

सावरीला तेल मी दिला.

मारू नको मला. नागपंचमीच्या आदी एकदा दिला, गवरी बसल्या तवा दुसऱ्यांदा दिला. तुजा मामा बंदरावर गेला की उपटायची, चुलीपाशी सुकवायची, मुशी मासलीचा तेल चोलायचा, परत तितंच पुरायची. होडीला देतो तसाच. तू लिवला व्हता काय करू नको. पन तेल देला म्हंजे काय केला रे? तेल तर द्यायचाच आसतो.

ती काली-तपकिरी व्हती ना, त्यांना नाय दिला. मला वाटला, त्यांना तू तितून तेल देऊनच धाडलाय. रंग तसाच व्हता, तेल मुरल्यावर लाकूड दिसते तसा. गोरी व्हती ती कोरडी वाटली. मनात म्हनलं, पोराचा तेल सरला आसल, बंगलूरात कुटली मुशी?

मंग तुजा मामा उपटून बोंबलत आला की सावर टिकली, सावर टिकली. तवाच बोलायला पायजे व्हता. पन तुजी नोकरी पक्की व्हनार आसा तू लिवला व्हता. मी मुकाट बसली. आता तो हंसाच्या होडीला सावर लावतोय. माजी लेक, माजा जावई त्या होडीत बसनार हाय. आता मला मुकाट बसता येत नाय.

आजून एक सांगते. ही हंसासुदा आताच आयकते हाय.

तुजा बाप गेला त्या साली होडीला तेल द्यायचा माज्याकडं व्हता. जमना, तुजी आई, आजारी व्हती, म्हनून तिनं मला सांगितला. माज्या पोटात हंसा व्हती, वास आला की वकारी यायची. म्हनलं, एक साल नाय दिला तर काय व्हतंय. कुनाला सांगितला नाय. त्याच साली फली सुटली. जमना पन दोन वर्सांनी गेली. तुला मी वाढवला, तरी तुज्या तोंडाकडं बगून हे सांगायचा धीर नाय झाला.

मी आशा करत व्हती की तेलानं काय व्हत नसल. आता तुजीच तुकडी बोलली. तेल लागला ती टिकली.

ती सुटलेली फली तुज्या मामानं माल्यावर ठेवलीय, का ते ठाव नाय. दादूच्या हातानं तुला धाडते. तू लाकडाचा शिकलाय. चिरून बग आन् मला खरा सांग. खोटा नको सांगू. आन् मामाला माजा नाव नको सांगू.

भागी

(दादा, आई रडत नाही आहे. रडली असती तर बरं झालं असतं. हंसा.)


तार
बंगळूर, २५ जानेवारी १९६६

सावर लावू नका. मातीचा निकाल खोटा. चूक माझी. पत्र मागाहून. एकनाथ


दांडी
३ फेब्रुवारी १९६६

चिरंजीव एकनाथ,

तार घेऊन पोस्टमन आला तेव्हा भागी दारातच बसली खाली. कुणी मेलं नाही, सावर मेली, असं मी वाचून दाखवलं तरी उठेना.

दोन फळ्या बसवल्या होत्या, त्या काढल्या. चूक तुझी म्हणजे कुठली? मातीची चूक तू कशी केलीस? तुझे साहेब काय म्हणतात? मला आता कशाचाच पत्ता लागत नाही. सावर टिकते, मग टिकत नाही. मी मात्र मनातून खूश आहे, माझा आजा खोटा ठरला नाही.

आणि घरात एक विचित्र गोष्ट झाली आहे. माळ्यावर मी एक जुनी फळी ठेवली होती. ती नाहीशी झाली. भागी म्हणते, उंदरांनी नेली. हातभर सागाची फळी उंदीर नेतात का? तुमच्या प्रयोगशाळेत कुणी अभ्यास केला असेल तर कळव. मला ती फळी हवी आहे, एकनाथ. कशाला, ते विचारू नकोस.

नामदेव


बंगळूर
२० फेब्रुवारी १९६६

प्रिय मामी,

हे हंसाकडून वाचून घे.

आधी नोकरीचं. साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते आधी लाल झाले, मग विचारलं, "मुशी म्हणजे काय?" सांगितल्यावर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. अहवालाचं ते पान त्यांनी माझ्यासमोर फाडलं. कायम व्हायला अजून वर्ष लागेल, बाकी काही नाही. तू मला तपकिरी तुकड्यांपुरतं खरंच शिकवलंस. तेलाशिवाय, नुसत्या तापवण्यावर, चारातले दोन टिकले. साध्यांनी तेलाशिवाय काय केलं असतं, ते मात्र आता कुणालाच ठाऊक नाही.

आता फळीचं. दादूनं पाठवलेली पोचली. तीन दिवस ती टेबलावर होती, करवत लावायचा मला धीर होईना. बाबांचा हात तिच्यावरून फिरला असेल. शेवटी काल चिरली.

मामी, तू खरं सांग म्हणालीस, म्हणून दिसलं तेवढंच लिहितो. वरून खालून बोटभर लाकूड अजून टणक आहे. मागच्या वर्षांचं तेल त्यात मुरलेलं दिसतं. कूज बाहेरून आलेली नाही. ती आत आहे, खिळ्याभोवती, सुपारीएवढी पोकळी करून. तेल फळीच्या अंगाला लागतं, पोटात जात नाही. माझे तुकडे वीतभर, अंगठ्याएवढे जाड; त्यांना तेल आरपार पोचलं. फळीला पोचलं नसतं. तू त्या वर्षी तेल दिलं असतंस तरी ते पाणी आत शिरतच राहिलं असतं. तेलानं सहा महिने पुढं ढकललं असतं का? शपथेवर नाही म्हणता येत नाही. पण त्या कुजण्याची सुरुवात तुझ्या हातून झालेली नाही.

पाणी आत कुठून गेलं, तेही सापडलं. खिळ्याच्या शेजारीच दुसरं एक भोक आहे, गिरमिटानं पाडलेलं, तिरकं गेलेलं. डांबर आणि भुसा घालून बुजवलंय. ते डांबर केव्हातरी सुटलं आणि पावसाचं गोडं पाणी तिथून आत मुरत राहिलं. असं भोक तिथं का पाडलं असेल, ते काही कळत नाही.

मला तोंडाकडे बघून सांगायला तुला अठरा वर्षं धीर झाला नाही म्हणतेस. मला आईचा चेहरा नीट आठवत नाही. तुझा आठवतो. तेवढंच.

तुझा
एकनाथ


दांडी
६ मार्च १९६६

चिरंजीव एकनाथ,

हंसा शिरगावला सासरी गेली आहे. तुझं पत्र आलं आणि भागीला दोन दिवस धीर धरवेना. काल जेवणं झाल्यावर ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाचा. काय आसल ते आसल." मी मोठ्यानं वाचलं. तेल दिल्याचं, न दिल्याचं, सगळं मला तिथं पहिल्यांदा कळलं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती.

मग दुसऱ्या भोकाची ओळ आली आणि माझं वाचणं थांबलं.

एकनाथ, ते भोक मी पाडलं.

तुझ्या बापाची होडी मीच बांधली होती. माझं पहिलंच स्वतंत्र काम. गिरमिट तिरकं गेलं. फळी बदलायची तर पुन्हा साग शोधा, आणि भावोजी उतावळे झाले होते. मी शेजारी दुसरं भोक पाडून खिळा मारला, पहिलं बुजवलं, वर तेलाचा हात फिरवला. कुणाला दिसलं नाही. होडी वाहून किनाऱ्याला लागली तेव्हा मी पहिली ती फळी काढून घेतली. लोकांना वाटलं, आठवण म्हणून. मी ती लपवायला घेतली होती. मग जाळायचा धीर झाला नाही, आणि टाकायचाही.

अठरा वर्षं त्या माळ्याखाली आम्ही दोघं निजलो. तिला वाटे, ही फळी तेल मागते. मी फळीकडे वर बघायचो नाही. तीही बघायची नाही. दोघांनाही वाटायचं, दुसऱ्याला काही ठाऊक नाही.

काल मी तिला सांगितलं. तिनं चूल विझवली. मग म्हणाली, "आता पोराला कोन सांगनार?" म्हणून मी लिहितो आहे. तू शोधून काढलंस आणि तुला कळलं नाही. कळू न देणं माझ्या हातात होतं. पण मग तू आयुष्यभर बुरशीला दोष देत बसला असतास.

होडी अर्धी उभी आहे. तार आल्यापासून मी हातोडा उचललेला नाही. दादूला दुसरा माणूस बघायला सांगतो. हंसाच्या होडीत माझा खिळा असावा का, ते मला समजत नाही.

नवे तुकडे पाठवायचे तर खुशाल पाठव. पुरीन. भागी म्हणते, पाऊस लागला की ती दातिवऱ्याला भावाकडे जाऊन राहील. इथं राहिली तर हात थांबणार नाहीत.

तू काय म्हणशील ते कळव. नाही कळवलंस तरी समजेन.

नामदेव


तार
बंगळूर, १२ मार्च १९६६

रविवारी येतो. दुसरा माणूस नको. फळी मी धरतो, खिळा तुम्हीच ठोकायचा. भोक चुकलं तर फळी बदलू. मामीला सांगा, तेल काढून ठेव. एकनाथ